तीन मासे आणि बेबाबाईची जाळी

हीटरने अंग भाजतंय, तर मासा तिथून बाजूला का होत नाही?

हा प्रश्न समाधानने थोरल्या भावाला, योगराजला, जेवता जेवता विचारला होता. योगराज हात धुवायला उठत म्हणाला, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी कपाशीच्या वावरात त्याचं हृदय बंद पडलं. वय चौतीस. पुढे समाधानने तोच प्रश्न जळगावच्या माशांच्या दुकानदाराला विचारला. तो म्हणाला, "आणखी काही हवंय का?"

मासे योगराजच्या हौसेचे. समोरच्या खोलीत काचेची पेटी, तीन गुबगुबीत नारिंगी पॅरट मासे, आणि कोपऱ्यात काचेच्या नळीचा हीटर. अमळनेरची थंडी वाढली की तिघे त्या नळीला अंग लावून बसत, म्हातारे शेकोटीला बसतात तसे.

घरात आता माणसंही तीनच उरली होती: समाधान, आई शेवंताबाई आणि वहिनी भूमिका. योगराज गेल्यापासूनच्या दोन महिन्यांत वहिनी कोणाशी आपणहून बोलत असेल, तर त्या माशांशी. "खाल्लं का रे?" एवढंच, पण बोलायची. म्हणून एका सकाळी ती म्हणाली, "भाऊजी, याच्या कुशीला पांढरा डाग पडलाय. भाजलाय हा," तेव्हा समाधान हातातला चहा तसाच ठेवून पेटीशी धावला. मासे गेले, तर वहिनीचं तेवढं बोलणंही जाणार.

समाधान सातवीत शाळेतून बाहेर पडला होता (मास्तरांच्या मते तो आत कधी आलाच नव्हता). विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. हात सोन्यासारखे, फक्त ते डोक्याची वाट बघत नसत. आधी त्याने हीटरच काढला. संध्याकाळपर्यंत मासे गारठून तळाला टेकले. घाईने परत लावला. मग आईला विचारलं, "भाजलं तर काय लावायचं?"

"हयद," शेवंताबाई म्हणाली. कोण भाजलं, हे तिने विचारलंसुद्धा नाही. समाधान रोजच कुठेतरी भाजून यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद लावायला घेतली, तर ओल्या, निसटत्या माशाला ती टिकेना. म्हणून त्याने पाण्यातच टाकली, दोन चमचे. आता हीटरला कुंपण हवं. शेजारच्या बेबाबाईच्या ओट्यावर भरिताची वांगी भाजायची लोखंडी जाळी पडली होती. ती उचलली, पकडीने वाकवून गोल केली आणि हीटरभोवती उभी केली. आत हीटर, बाहेर मासे. काम फत्ते.

त्याच दुपारी शिंदखेड्याहून मावशी लताबाई भेटायला आली. तिच्या सोबतीला बेबाबाईही आली. रीतीप्रमाणे उंबऱ्यातच पदर तोंडाशी गेले. "मना योगराज रे..." रडत रडत दोघी पेटीसमोर बसल्या. बेबाबाईचा आवाज सगळ्यांत वर. डोळे पुसायला तिने पदर बाजूला केला, आणि आवाज मध्येच अडकला. पिवळंधमक पाणी. त्यात जाळी. जाळीत हीटरचा लाल दिवा. भोवती तीन मासे.

"हाई जाळी मनी शे ना?"

रडणं थांबलं.

"काकू, ते मासे भाजू नयेत म्हणून..." समाधान चाचरला.

"भाजू नये म्हनीसन जाळी?" लताबाईने वाकून पाहिलं. "हयद बी लायी. मीठ राही गयं का मग?"

कोपऱ्यातून दबका आवाज आला. भूमिकाला हुंदका आला असं वाटून दोघी तिच्या पाठीवर हात फिरवायला सरसावल्या. ती हसत होती. पदरात तोंड खुपसून, खांदे हलवत हसत होती. मग शेवंताबाई हसली, लगेच रडली, आणि आपलं नक्की काय चाललंय ते तिलाच कळेना. लताबाईने पुन्हा सूर लावून पाहिला, पण तो काही सापडेना. शेवटी चहा टाकला.

तीन दिवसांत जाळी गंजली. समाधानने पाणी बदललं, बेबाबाईला नवी जाळी आणून दिली, आणि प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्याला तापल्या खिळ्याने भोकं पाडून तो हीटरवर चढवला. ऊब बाहेर यायची, मासा आत जायचा नाही. पंधरवड्यात डाग भरून आला.

थंडी सरायच्या आत भूमिकाला धुळ्यात एका शाळेत नोकरी लागली. मासेही निघाले. समाधानने झाकणाची बादली एसटीत मांडीवर धरून नेली. कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?" तर म्हणाला, "घरचेच आहेत."

नव्या खोलीत त्याने पेटी मांडली, पाणी भरलं, पाइप घट्ट बसवला, आणि कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला. अर्धा तास झाला. तिन्ही मासे पाइपामागे दाटीवाटीने दडलेले. एकही पुढे येईना.

"वहिनी, यांना अजून गारठा वाटतोय बहुतेक."

"गारठा नाही, भाऊजी," भूमिका म्हणाली. "ते तुम्हाला घाबरलेत. तुम्ही गेलात की येतील."

समाधानने चपला हातात घेतल्या, पावलं न वाजवता खोलीबाहेर आला आणि दार हळूच ओढून घेतलं.