क्लाइव्ह गाणार इतक्यात

खोबऱ्याचा तो कण तांदळाच्या कणीच्या निम्माही नव्हता. पण रेकॉर्डवरची खाच केसाएवढी बारीक असते, आणि त्या मानाने तो म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला ओंडकाच. डेझमंडने एका हातात खोबरं लावलेला लॅमिंग्टन केक धरून दुसऱ्या हाताने रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढली, तेव्हा तो तिच्यावर पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

डेझमंड आणि फोटिनी मेलबर्नमध्ये एक लहानशी रेकॉर्ड कंपनी चालवत. नाचायचं संगीत, डिस्को, पण आडवाटेला गेलेला. त्यांच्या मागच्या रेकॉर्डवर एका फ्रिजची घरघर होती आणि तिच्या मागे ड्रम. आता त्यांना नोरीनचं गाणं हवं होतं. नोरीन शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तरुणपणी तिने गॅरेजात सिंथेसायझरवर एकच गाणं रचलं होतं. शब्द नवऱ्याचे, क्लाइव्हचे, गायलाही तोच. विषय, त्याची पिवळी मोटार.

ते गाणं नव्याने काढू का, असं विचारल्यावर नोरीन म्हणाली होती, "बघू." नाही म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. पण हे 'बघू' दोन वर्षं चाललं होतं, आणि त्याचं कारण काय असावं याचा दोघांना छडा लागत नव्हता. "जुन्या टेपवर क्लाइव्हचा आवाज दबलाय, म्हणून असेल," असं डेझमंडचं अनुमान. त्यामुळे दर वेळी ते क्लाइव्हला आणखी स्वच्छ, आणखी खणखणीत करून ऐकवत. नोरीन ऐकायची, चहा संपवायची आणि म्हणायची, "बघू."

सोमवारी रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात त्यांची पाळी होती. त्याआधी होकार मिळाला नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. म्हणून रविवारी दुपारी बोल्स, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळणाऱ्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये नमुन्याची रेकॉर्ड वाजवायचं ठरलं. क्लाइव्ह क्लबचा अध्यक्ष. त्याने सगळ्या सभासदांना बोलावलं होतं आणि शर्टाला कडक इस्त्री केली होती.

सुई टेकली. ड्रम सुरू झाला, त्यावर नोरीनची धून पायरी पायरीने चढत गेली, आणि मग गायला सुरुवात करण्याआधी क्लाइव्हने घेतलेला तो खोल श्वास ऐकू आला. हॉलमधला क्लाइव्हही छाती फुगवून उभा राहिला. तेवढ्यात सुई कणावर आपटून मागच्या खाचेत पडली. पुन्हा ड्रम, पुन्हा श्वास. पुन्हा ड्रम, पुन्हा श्वास.

"हे भारी केलंस हं," डेझमंड फोटिनीच्या कानाशी कुजबुजला.

"मी? मला वाटलं तू केलंस."

"मी कशाला करू? पण वाईट नाहीये."

"वाईट कुठे म्हणतेय मी? तो गाणार कधी, एवढंच विचारतेय."

क्लाइव्ह दर श्वासाला तोंड उघडत होता आणि मिटत होता. शेवटी तो म्हणाला, "काय रे डेझमंड, मी कुठाय?"

"येताय, येताय. जरा उत्सुकता ताणलीये."

"अरे, माझा इथे जीव जायची वेळ आली!"

फेरी पुरी व्हायच्या आत सुई मागे येत असल्यामुळे तालाला बारीकशी उचकी लागली होती. मागच्या टेबलावरची बेरिल उठली आणि त्या उचकीवर एक पाय किंचित झटकून नाचू लागली. "ये गं व्हॅल," तिने मैत्रिणीला हाक मारली, "माझ्या बदललेल्या गुडघ्याला हा ताल अगदी बरोबर बसतो!" व्हॅल उठली. मग खजिनदार उठला. हळूहळू अर्धा हॉल एका पायाने उचकी देत नाचू लागला, आणि प्रत्येक जण आता पुढे काय होतंय म्हणून कान टवकारून होता.

फोटिनीने खाली वाकून पाहिलं आणि तिला तो पांढरा कण दिसला. "डेझमंड, गाढवा, खोबरं!" ती दातओठ खात पुटपुटली आणि तिने सुईकडे हात नेला.

"हात लावू नकोस, पोरी," नोरीन म्हणाली.

आतापर्यंत तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ती डोळे मिटून बसली होती. चहा तसाच निवला होता. दर श्वासाला तिच्या भुवया आक्रसत, आणि ड्रम परत आला की चेहरा पुन्हा सैल होई. काही फेऱ्यांनंतर भुवया आक्रसायच्याही थांबल्या. मग ती चक्क हसू लागली.

"नोरीन, सुई अडकलीये," फोटिनी खजील होऊन म्हणाली. "पुढे क्लाइव्हचं गाणं आहे. नीट लावून देते."

"मला ठाऊक आहे पुढे काय आहे ते."

क्लाइव्ह बायकोकडे बघत राहिला. त्याची छाती अजून फुगलेलीच होती. ती त्याने सावकाश खाली सोडली. "अगं, म्हणजे तू दोन वर्षं बघू-बघू करतेयस ती माझ्यामुळे?"

"दोन कसली? गॅरेजात होतो तेव्हापासून."

"मग तेव्हाच बोलायचंस की!"

"अरे, तू इतका सुरेख श्वास घेतोस," नोरीन म्हणाली, "की दर वेळी मला वाटायचं, या खेपेला बरं गाशील."

बेरिल नाचायची थांबली. खजिनदार छताकडे बघू लागला. ड्रम चालूच होता. क्लाइव्हने इस्त्रीच्या शर्टाची कॉलर ओढली, आणखी एक श्वास येऊन गेलेला ऐकला, आणि नाइलाजाने मान हलवली. "श्वास चांगलाय," तो म्हणाला. "हे मात्र मान्य करावंच लागेल."

"टेपवर त्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर आहे, हवा तिथून काढून टाकता येतो, पोरी," नोरीन फोटिनीकडे वळून म्हणाली. "तेव्हा मीच तसा ठेवला होता. उद्या छापायला द्या. श्वासापर्यंत क्लाइव्ह राहू दे. पुढचा नको."