केरबातात्यांच्या पोटावरचं बी

गिरणीत कापडाच्या साच्यावर उभे असतानाही केरबातात्यांच्या सदऱ्याखाली, पोटाशी, एक ओली पुरचुंडी बांधलेली असे. आत जुनाट बी होतं. पोटाच्या उबेनं म्हातारं बीसुद्धा कोंब धरतं, असा त्यांचा सिद्धांत. आठ दिवस हा माणूस खाली वाकला नाही. शिंक आली तर दोन्ही हातांनी आधी पोट सावरायचा, मग शिंकायचा.

लालबागच्या आमच्या चाळीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. "तात्या, आहे तरी काय त्यात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उगवल्यावर बोलू." तेव्हा सगळं गिरणगाव संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटलं होतं. "मुंबई मिळणार ना आपल्याला?" असं विचारलं तरी तेच, "उगवल्यावर बोलू."

मूठभर बियांतल्या तीन रुजल्या. तात्यांनी त्या रॉकेलच्या कापलेल्या डब्यात लावल्या आणि डबा खोलीत ट्रंकेवर ठेवला.

"अहो, गॅलरीत ठेवा. ऊन तरी लागेल."

"न्हाई. खोलीतच."

मग उन्हासाठी गॅलरीच्या कठड्याला आरसा बांधला. कवडसा सरकला की तात्या आरसा फिरवायचे, आणि पलीकडच्या परबांचे डोळे दिपायचे.

रोपं गुडघाभर झाली, पानांना करवतीच्या दातांची पाच-पाच बोटं फुटली, तसे परब किंचाळलेच. "अरे, ही तर भांग! पोलिसांक कळला तर अख्खी चाळ आत जातली!" परबांना घाबरायला कारण होतं. चळवळीची पत्रकं त्यांच्याच पोटमाळ्यावर होती. रोपं उपटून टाकायचं ठरलं. तात्या ट्रंकेपुढे मांडी घालून बसले. "आदी मला उपटा."

तेवढ्यात खरंच हवालदार आला. आला होता पत्रकं शोधायला, पण आधी दिसली रोपं.

"कुनाची रे ही भांग?"

परब दाराआड सरकले. तात्यांनी एक पान तोडून पुढे केलं. हवालदारानं ते हुंगलं, चावलं, आणि आंबटपणानं त्याचा एक डोळा मिटला.

"आयला, अंबाडी! माझी आई जोंधळ्याच्या कन्या घालून भाजी करायची. वरनं लसनाची फोडनी!" गडी साताऱ्याकडचा निघाला. जिना उतरेपर्यंत तो भाकरीबद्दलच बोलत होता. पत्रकांची त्याला आठवणही राहिली नाही.

मी मात्र भडकलो. "तात्या, साधी भाजी आहे एवढं सांगायला काय झालं होतं?"

तात्या डब्यातली माती चाचपत राहिले. "कारभारनीनं बांधून ठेवलं हुतं बी. मुंबईत खोली झाली की खोलीत लावीन म्हनायची. दर सालाला इचारायची, कवा नेता? मी आपला म्हनायचो, खोली मिळाल्यावर बोलू." माती दाबून म्हणाले, "खोली मिळाली. तवर ती ऱ्हायली न्हाई."

मघाच्या माझ्या आवाजाची मलाच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग भाजी कधी करायची?"

"भाजी न्हाई. बी धरू दे."

परब गुपचूप आपल्या खोलीत गेले आणि दाढीचा आरसा घेऊन आले.

"एका आरशान काय होतला, तात्या? ह्यो पण बांधा."