अर्ध्या गालाचा अहवाल

दाढी करणे ही खासगी बाब आहे, अशी माझी बासष्ट वर्षे समजूत होती. माझ्या बऱ्याच समजुती चुकल्या आहेत. ही चुकली त्या वर्षी माजलगावचे धरण मृतसाठ्यावर आले होते आणि धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या आमच्या गावात टँकर एक दिवसाआड येत होता.

गावच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मी सकाळी अंगणात बसून, वाटीत साबण घोळून, ब्रशने दाढी करत असे. बाकी गाव डब्यातला तयार फेस फवारी किंवा सरळ दाढी वाढवी. त्यामुळे ब्रश असलेला गावातला मी एकमेव पुरुष होतो. यात माझे कर्तृत्व काही नाही. ब्रश वडिलांचा होता.

मे महिन्यात सिंधुबाई आल्या. शेतात काम उरले नाही म्हणून चौदा बायकांनी साबणाची सहकारी संस्था काढली होती आणि त्या तिच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी ॲल्युमिनियमच्या वाटीत बसवलेली एक गोल, हिरवट वडी माझ्यापुढे ठेवली.

"नाना, जुन्या पद्धतीचा दाढीचा साबण हाय. खोबरेल, एरंडेल आन कडूलिंबाचा पाला. लावून बघा आन ह्या सरकारी चाचणीच्या फारमावर लिवून द्या. तुमी लिवलं तर जिल्ह्यातल्या वसतिगृहांना साबण द्यायचं काम भेटतंय."

"आणि नाही भेटलं तर?"

"तर काय, दसऱ्याला ऊसतोडीचा कोयता हाय की. चौदा जणी, लेकराबाळांसकट, कारखान्यावर."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितले, की मला वाटीकडे पाहण्याचीच भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी मी साबण लावला. फेस असा दाट आला, की आरशात मला स्वतःविषयी आदर वाटला. हे क्वचित घडते. ब्लेड कुठे अडले नाही, कातडी चरचरली नाही. फॉर्मवर दोनच शब्द होते : समाधानकारक, असमाधानकारक. एक खोडायचा होता. मी आयुष्यात काही ठामपणे खोडलेले नाही. मी दोन्ही राहू दिले आणि खाली लिहिले, 'साबण समाधानकारक वाटतो. तथापि तुलनेशिवाय निश्चित सांगणे मला धाडसाचे वाटते.'

आमच्या भिमाबाईंनी ते वाचले. "मग लगीन कावून केलं माझ्यासंगं? तुलनेशिवाय?"

मी ब्रश धुवायला घेतला. निश्चित सांगणे धाडसाचे होते.

तीन आठवड्यांनी जिल्ह्याच्या चाचणी कक्षाचे बद्रीनाथ साहेब जीपमधून आले. त्यांच्या हातात माझा फॉर्म होता आणि माझ्या वाक्याखाली लाल रेघ होती.

"आपण तुलना सुचविली आहे," साहेब म्हणाले. "कक्षाने ती तत्त्वतः मान्य केली आहे. यापुढे आपण उजवा गाल संस्थेच्या साबणाने करावा. डावा गाल नियंत्रण गाल म्हणून तसाच ठेवावा. अंतिम अहवाल वर जाईपर्यंत त्याला हात लावू नये."

"वर म्हणजे?"

साहेबांनी बोट वर केले. वर आकाश होते. त्यात ढगही नव्हता.

आता ही शासकीय चाचणी झाल्यामुळे तिला घरचे पाणी चालेना. मी सरपंच सुंदररावांकडे अर्ज केला. टंचाई समितीने ठराव केला, की नानांना रोज सकाळी पारावर दोन पंचांसमक्ष अर्धा तांब्या पाणी द्यावे आणि दाढी तिथेच व्हावी. लाजाळू माणसाला भर पारावर दाढी करताना काय वाटते, असा प्रश्न ठरावात नव्हता. आठव्या दिवशी सुंदरराव माझ्या गालाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"नाना, पूर्वी तुमाला तांब्याभर पाणी लागायचं ना?"

"हो."

"आन आता अर्धा. म्हंजे अर्धं वाचलं. तुमी तर योजना काढली की वो, आन सांगंनात."

ते तालुक्याच्या बैठकीत बोलले. पंधरा दिवसांत परिपत्रक निघाले : टंचाई काळात सर्व पुरुष कर्मचारी व सहकारी संस्थांचे सभासद यांनी फक्त उजव्या गालाची दाढी करून जलबचतीस हातभार लावावा. ज्यांची पूर्ण दाढी होती त्यांना बचतीत भाग घेण्यासाठी अर्धी काढावी लागली. त्यासाठी जादा टँकर मंजूर झाला.

आठवडाभर लोक एकमेकांना हसले. मग त्यांना सोय कळली. छावणीत चारा मागायला जाणारा दाढी वाढलेला डावा गाल पुढे करी. पाहुणे येणार असले, की उजवा. केंद्राचे दुष्काळ पाहणी पथक आले तेव्हा अख्खे गाव डावा गाल दाखवत रस्त्याला उभे होते. पथकातल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच दुपारी साखर कारखान्यावर पथकाचा सत्कार झाला आणि मंचावरचे सगळे संचालक उजवीकडून फोटोत आले. तीच माणसे, तोच दिवस. अंबाजोगाईच्या एका तरुण डॉक्टरने पुढारी लोकांत मान आखडण्याचे प्रमाण वाढल्याचे सांगितले, पण त्याचे कुणी मनावर घेतले नाही.

अहवाल मात्र जाईना. मी विचारले तेव्हा बद्रीनाथ साहेब म्हणाले, "आता नियंत्रण गाल तालुकाभर झाले आहेत. सगळ्यांची नोंद झाल्याशिवाय तुलना पूर्ण कशी म्हणावी? तुलना आपणच सुचविली होती." हे बोलताना त्यांचा उजवा गाल माझ्याकडे होता.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मी पारावर बसलो असताना सिंधुबाई आल्या. ऊसतोडीचा मुकादम आदल्या दिवशी येऊन नावे लिहून घेऊन गेला होता. त्यांच्या हातात भरलेला तांब्या होता.

"नाना, ह्ये माझ्या वाट्याचं प्यायचं पाणी हाय," त्या म्हणाल्या. "दुसरा गाल बी करा. तुमच्या एका वळीपायी आमी पाच म्हैने लटकून हाओत."

"पण साहेब..."

"साहेबाला इचारून दाढी करता व्हय बे कुनी?" त्या चिडून म्हणाल्या आणि मग लाजल्या. बायामाणसांच्या तोंडी 'बे' आमच्याकडेही शोभत नाही.

साहेब त्या दिवशी नोंदी घ्यायला पारावरच आले होते. फेस पहिल्यासारखाच दाट आला. मी डावा गाल करायला घेतला. चार महिन्यांची दाढी होती, चार ब्लेड लागली. पंच उठून उभे राहिले.

"आपण नियंत्रण गाल नष्ट करत आहात," साहेब म्हणाले.

"हो."

"मग तुलना कशाशी करायची?"

"आता नाही करता येणार," मी म्हणालो. "साबण चांगला आहे."

साहेब गडबडले. फायलीत 'चांगला' हा शब्द नव्हता. बराच वेळ नियम चाळून त्यांनी शेरा मारला : तुलनेचा आधार उरला नसल्याने मूळ अभिप्राय 'समाधानकारक' एवढाच ग्राह्य धरून प्रकरण निकाली.

वसतिगृहांचे काम संस्थेला मिळाले. मुकादमाच्या यादीतली चौदा नावे खोडली गेली. ती खोडताना कुणाला तुलना लागली नाही. भिमाबाईंनी त्या दिवशी माझ्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाल्या, "चांगले दिसता." मी फॉर्म मागितला नाही.

आता धरणात पाणी आहे, परिपत्रकही रद्द झाले आहे. पण तालुका अजून एकाच गालाची दाढी करतो. दोन्ही गाल सारखे असल्यामुळे माझे मात्र कुठल्याच कार्यालयात काम होत नाही. कोणत्या बाजूने आलो आहे, ते तिथे कळत नाही.

आपण हे वाचून हसला असाल. हसताना कोणता गाल पुढे केला होता, ते एकदा आरशात पाहून घ्यावे. माझे चुकतही असेल. पण साबण हवा असल्यास सिंधुबाईंकडे मिळतो, आणि एक वडी दोन्ही गालांना पुरते.