कडकरावांची तपकिरी पँट

"सोमवारी अकरा वाजता येऊ दे त्या मॅनेजरला! दुकान असं चालवून दाखवतो, की स्वतःचं हॉटेल विसरून इथेच बाकावर बसून राहील!" कडकरावांनी मंगळवारी जेवता जेवता जाहीर केलं. सोमवारपर्यंत सहा दिवस होते. काहीतरी चुकायला एवढे पुरतात.

कडकराव लाँड्रीचे मालक. हे नाव पडलं ते त्यांच्या इस्त्रीमुळे. त्यांनी घातलेल्या घडीवर भाजी चिरता येते, अशी ख्याती होती. माणूस मात्र पिळून ठेवलेल्या रुमालासारखा. कुणीही उचलावा आणि हवा तिथे वाळत घालावा. वर्षभर हॉटेलच्या चादरी, अभ्रे आणि वेटरांचे कोट धुवायचं काम चालून आलं होतं. ते मिळालं तर मागच्या खोलीत दुसरं मोठं मशीन येणार होतं. नाही मिळालं तर आहे ते मशीन, ज्याला चालू करायलाही लाथ मारावी लागायची आणि बंद करायलाही.

फोनवर मॅनेजरने एकच विचारलं होतं, "कपडे हरवू नयेत म्हणून काही सिस्टीम आहे ना?"

"आहे म्हणजे काय! सगळं कॉम्प्युटरवर!" कडकराव म्हणाले होते. त्या वेळी दुकानात बटणं होती ती फक्त शर्टांची.

खरी सिस्टीम म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. कपडा आला की काकू एक नजर टाकायच्या, कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याची गाठ मारायच्या, बस्स. कुठल्या रंगाची गाठ कोणत्या घरची, हे जगात त्यांना एकट्यांना ठाऊक होतं. पण मॅनेजरला गाठी कशा दाखवायच्या?

म्हणून त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला जावई, मध्ये कडकराव.

"दाजी, लो-कोड घ्या!" मेहुणा म्हणाला. "प्रोग्रॅम लिहायचाच नाही. पडद्यावर तयार चौकोन असतात. हा इकडून ओढायचा, तो तिकडे जोडायचा. एका दुपारी ॲप तयार!"

"बाबा, ते तयार कपड्यांसारखं आहे," जावई शांतपणे म्हणाला. तो कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा आणि चहाही नियोजन करून प्यायचा. "खांद्यात बसलं तर पोटात बसत नाही. तुमच्या धंद्याच्या मापाने शिवून घ्या. कस्टम."

"किती दिवस लागतील?"

"तीन महिने."

"अहो, मॅनेजर सोमवारी येतोय!"

"मग त्यांना तीन महिन्यांनी बोलवा."

मेहुण्याला नाही म्हणावं तर बायको रुसणार, जावयाला नाही म्हणावं तर मुलगी. कडकरावांनी दोघांनाही हो म्हटलं. जावयाने दोन दिवस दुकानात वही घेऊन अभ्यास केला आणि धंदा कसा चालतो याचा मोठा नकाशा काढून आणला. त्यात सतरा ठिकाणी बाण एकाच चौकोनाकडे जात होते. चौकोनात लिहिलं होतं, 'काकूंना विचारा'.

"बाबा, हा चौकोन मला प्रोग्रॅममध्ये उतरवता येत नाही," जावई म्हणाला.

"मला संसारात उतरवता आला नाही," कडकराव पुटपुटले.

तिकडे मेहुण्याने खरोखरच एका दुपारी ॲप जोडलं. कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाला निरोप. नेला नाही तर दर दहा मिनिटांनी आठवण, आणि प्रत्येक आठवण आधीच्यापेक्षा खमकी. वहीतले तीनशे बारा नंबर त्याने भरले. मॅनेजरचाही भरला, तो उद्याचा ग्राहक म्हणून.

सोमवारी सकाळी नऊला कडकरावांनी चाचणी घ्यायची ठरवली. मॅनेजरसमोर घालायची म्हणून त्यांनी आपली एकुलती एक भारी तपकिरी पँट धुऊन, कडक इस्त्री करून खुंटीला टांगली होती. स्वतः पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात काउंटरमागे उभे होते. ॲपमध्ये त्यांनी लिहिलं, 'तपकिरी पँट, उजवा खिसा रफू केलेला'. पुढे आलं, 'ग्राहक निवडा'. यादीत त्यांचं नावच नव्हतं. स्वतःच्या दुकानाचं गिऱ्हाईक कोण होतं? यादीच्या तळाशी मात्र एक शब्द होता, 'सगळे'.

'सगळे म्हणजे त्यात मीही आलोच की!' असा शुद्ध तर्क करून त्यांनी बटण दाबलं.

साडेनऊला पहिल्या आल्या निवृत्त मुख्याध्यापिका. "मी उभ्या जन्मात पँट घातलेली नाही! आणि तुम्ही माझा खिसा रफू करता?"

त्यांच्यामागून एक नवराबायको भांडतच आली. "ह्यांच्याकडे तपकिरी पँट नाही. मग ही कुणाची आमच्या घरच्या नावावर?" "अगं, मलाही तेच विचारायचंय!"

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. 'आपली पँट अजून इथेच आहे. जागा अडली आहे.'

मेहुणा स्कूटरवर होता, फोन उचलेना. पावणेअकरापर्यंत रांग कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत गेली आणि आठवण पोचली 'लाज वाटत असेल तर पँट न्या!' इथवर. कडकराव काउंटरमागे घामाने भिजले होते. पँट खुंटीवर, खुंटी रांगेपलीकडे, आणि पायजम्यात बाहेर पडणार कसं?

काकू मागून हात पुसत आल्या. गर्दीकडे एकदा पाहिलं आणि ओरडल्या नाहीत.

"आलाच आहात तर पडदे घेऊन जा, बाई. चार महिने झाले. हिरवी गाठ." "तुमचा स्वेटर. तुमच्या दोन चादरी, एक माझ्याकडून पिवळी पडलीय, राग मानू नका." पाहता पाहता फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. शिव्या द्यायला आलेली माणसं गठ्ठे घेऊन आभार मानत निघाली.

बरोबर अकराला मॅनेजर आले. हातात फोन, चेहरा आंबट.

"मी तुम्हाला अजून रुमालसुद्धा दिलेला नाही. आणि मला लाज नाही, असा निरोप?"

कडकराव पायजमा लपवत काउंटरला चिकटले. काकूंनी मात्र मॅनेजरच्या कोटाकडे पाहिलं.

"हा कोट तुमच्या वहिनींनी आणला होता. दोन वर्षं झाली असतील. डाव्या बाहीचं तिसरं बटण मी लावलंय. काळा दोरा संपला होता, म्हणून निळा घातला. कॉलर उलटा, जांभळी गाठ असेल."

मॅनेजरने कॉलर उलटली. गाठ होती. दोरा निळा होता. दोन वर्षं तो कोट घालणाऱ्याला हे माहीत नव्हतं!

"ही सिस्टीम कुठून घेतली?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्या सासूबाईंकडून मिळाली," कडकराव म्हणाले.

काम मिळालं. तोवर मेहुणा आणि जावईही येऊन पोचले होते. कुणाचं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा निर्णयही काकूंनीच दिला. मेहुण्याच्या ॲपने फक्त निरोप पाठवायचे, तेही त्यांनी बटण दाबल्यावरच. आठवणी बंद. "आणि जावईबापू, तुम्ही सावकाश शिवा. त्या सतरा बाणांपुढे काय लिहायचं, ते मी रोज एकेक सांगते. मी म्हातारी झाले तर कुणाला तरी कळायला हवं." जावयाने वही उघडली. मेहुण्याचा विजय, जावयाचा विजय; दोघेही खूश.

"चला कडकराव, हॉटेलात येऊन सही करा," मॅनेजर म्हणाले. कडकरावांनी आनंदाने खुंटीकडे पाहिलं.

खुंटी रिकामी होती.

"ती ना?" काकू म्हणाल्या. "एक उंच गृहस्थ म्हणाले, पँट माझी नाही, पण एवढ्या आग्रहाने बोलावताय तर नेतो. मला वाटलं, निदान आठवणी तरी थांबतील. मी आत्ताच 'नेली' दाबलं."

त्याच क्षणी गल्लीभर फोन वाजले. 'आपण आपली पँट नेल्याबद्दल आभारी आहोत. पुन्हा या!'

कोपऱ्यावर पोचलेली रांग थबकली, वळली आणि परत दुकानाकडे निघाली. सगळ्यांत पुढे मुख्याध्यापिका होत्या. पायजम्याची नाडी घट्ट करत कडकराव काउंटरखाली बसले आणि तिथूनच म्हणाले,

"अगं, माझ्याबद्दल कुणी विचारलं तर सांग, धुवायला टाकलेत."