जंजिबारला निघालेलं गाठोडं

परदेशी जाणाऱ्या माणसाने पैसे कसे न्यावेत आणि आगबोटीपर्यंत कसं पोचावं, या दोन विषयांत अख्ख्या ठाण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं! मी स्वतः परदेशी कधी गेलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी. पण दोन वेळा मुंबईच्या गोदीवर जाऊन मी लोकांना निरोप देऊन आलो होतो. तेवढ्यावर आमच्या टेंभी नाक्यावर माझा दरारा होता.

म्हणून सन १८९१च्या फाल्गुनात माझा मेहुणा परशुराम जंजिबारला एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून निघाला, तेव्हा मी सगळा कारभार आपण होऊन अंगावर घेतला.

"भावोजी, पैसे मी कमरेला बांधून नेईन की," परशुराम म्हणाला.

"कमरेला? अरे, चोर पहिला हात कमरेलाच घालतो!"

पैसे म्हणजे सोन्याच्या बारा गिन्या होत्या. परशुरामचा पहिला पगार तीन महिन्यांनी व्हायचा होता, तोवर त्याला तिथे खायला-राहायला हवं होतं, आणि त्यासाठी माझ्या बायकोने, सुमतीने, हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. भावासाठी हसत मोडल्या, पण त्या दिवशी सोनाराकडून आल्यावर ती रिकाम्या मनगटावर उगाचच हात फिरवत बसली होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं. या बारा गिन्यांना धक्का लागू द्यायचा नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं. इथेच घोळ झाला!

आगबोट शुक्रवारी संध्याकाळी सुटणार होती. आमचे विठ्ठलभट जोशी पंचांग उघडून म्हणाले, "गोपीनाथराव, शुक्रवारी पश्चिमेला जायचं? अजिबात नाही! बुधवारी सकाळी प्रस्थान ठेवा."

प्रस्थान म्हणजे साधी गोष्ट. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी हळकुंड, सुपारी आणि चार मुठी तांदूळ यांचं गाठोडं बांधून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवून यायचं. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग निघताना प्रवाशाने ते स्वतः उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. ते घरी परत आणायचं नाही आणि मागे तर मुळीच सोडायचं नाही.

"म्हणजे स्टेशनाजवळच्या एखाद्या घरी ठेवू," मी म्हणालो.

"स्टेशन पूर्वेला आहे!"

"पण गाडी तिथूनच सुटते."

"तो स्टेशनला राहायला चाललाय की जंजिबारला?" विठ्ठलभट कडाडले. "जंजिबार पश्चिमेला! गाठोडं पश्चिमेलाच!"

गावाच्या पश्चिमेला पाचपाखाडीत दौलत पाटलाचं घर होतं. दौलत आमच्याकडे दर वर्षी तांदूळ घालायचा. माणूस खात्रीचा. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात ती कल्पना आली! प्रस्थानाचं गाठोडं कोणी उघडत नाही. चोरसुद्धा त्याला हात लावत नाही. मग गिन्या ठेवायला याहून चांगली जागा कुठली?

मंगळवारी सगळे झोपल्यावर मी बारा गिन्या लाल फडक्यात बांधून तांदळात खुपसल्या. चोरांना चकवायला कातडी पट्ट्यात तांब्याचे पैसे भरले, पट्टा शिवून टाकला आणि सकाळी परशुरामच्या कमरेला बांधला.

"यात गिन्या आहेत. जंजिबारचा किनारा लागेपर्यंत उघडायचा नाही!"

सुमतीलाही मी तेच सांगितलं. गुपित दोघांना कळलं की ते गुपित राहत नाही, हा माझा सिद्धान्त होता. गाठोडं मुहूर्तावर दौलतकडे पोचलं आणि मी दोन दिवस अगदी ऐटीत वावरलो.

शुक्रवारी सकाळी मी आणि सुमती ट्रंका घेऊन स्टेशनवर गेलो. परशुराम टांग्याने पाचपाखाडीला जाऊन गाठोडं उचलून येणार होता. मी त्याच्यासोबत मुंबईला जाऊन त्याला बोटीत चढवून देणार होतो. गाडी आली. जागा धरायला मी माझा कोट डब्यातल्या बाकावर टाकला. तेवढ्यात परशुराम धापा टाकत आला. दोन्ही हात मोकळे!

"गाठोडं कुठाय?"

"दिलं."

"दिलं? कोणाला?"

"दौलतच्या बायकोला. शेवंतीबाईंना म्हटलं, तांदूळच आहेत, ठेवा तुम्हाला. भावोजी, मी इंग्रजी सहा इयत्ता शिकलोय. जंजिबारला सुपारी घेऊन गेलो तर लोक हसतील!"

शेजारी सुमती उभी, आजूबाजूला पन्नास कान टवकारलेले. बोलू तर काय बोलू?

"मी छत्री विसरलो," मी म्हणालो.

"अहो, फाल्गुनात छत्री कशाला?" सुमती ओरडली. "आणि निघाल्यावर मागे फिरू नये! अहो!"

मी ऐकायला थांबलोच नाही. टांगा पकडला आणि पाचपाखाडी गाठली. दौलत अंगणात निवांत विडी ओढत बसला होता.

"दौलत, गाठोडं!"

"त्यो त गेला," दौलत म्हणाला.

शेवंती दारातून पुढे आली. "अवं, मी त घाबरलेच! जानाऱ्याचा गाठोडा मागं ऱ्हायला तं जानारा बी वाटंत ऱ्हातो. असला घरान कसा ठेवू? माजा भाव काळुराम मिठाचा गलबत घेऊन मुंबईला निंघाला व्हता. त्याला सांगितला, दादा, पार भायेर नेऊन दर्यान सोड. गाठोडा पश्चिमेला गेला की तुमच्या पावन्याचा भला होईल!"

किती चांगली माणसं! मला रडू यायचंच बाकी राहिलं.

खाडीच्या बंदरावर पोचलो, तेव्हा भरती पुरी झाली होती आणि काळुरामचं गलबत नुकतंच सुटलं होतं. मी धोतर खोचलं आणि गुडघाभर चिखलात शिरलो. बंदरावर कोळंबी विकणारी सखुबाई टोपली सोडून बघत राहिली. काळुरामने मला दंडाला धरून वर ओढलं आणि मी थेट मिठाच्या ढिगावर जाऊन बसलो.

"काळुराम, ते गाठोडं माझं! दे इकडे."

"नाय देनार."

"अरे, माझ्या मेहुण्याचं आहे!"

"म्हनूनच नाय देनार! पावन्याचा प्रस्थान मागं फिरवू? भयनीला सबूद दिलाय."

"मी तुला रुपया देतो!"

काळुरामने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मान खाली घातली. रुपयासाठी दुसऱ्याच्या मेहुण्याचा जीव धोक्यात घालणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. आत काय आहे ते सांगावं, असं चारदा जिभेवर आलं. पण गलबतावर चार अनोळखी खलाशी होते, भोवती पाणी होतं, आणि माझा सिद्धान्त होता! गाठोडं पुढे गलबताच्या टोकाला नाळेपाशी आणि मी मागे मिठात, असे आम्ही ओहोटीबरोबर मुंबईला निघालो. दुपारी काळुरामने भाकरी आणि भाजलेला बोंबील दिला. तो मात्र फार चवदार होता.

तिसऱ्या प्रहरी मुंबईचं बंदर आलं. मधोमध ती काळी आगबोट उभी! अजून सुटली नव्हती!

"काळुराम, गाठोड्याचा मालक त्या बोटीवर आहे. त्याच्या हातात दे! मग तर झालं?"

काळुरामने विचार केला. "त्यो पश्चिमेलाच चाललाय ना?"

"पश्चिमेलाच!"

"मंग चालंल."

गलबत बोटीच्या पोटाशी भिडलं. मी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. बऱ्याच वेळाने कठड्यावरून परशुराम डोकावला. माझ्याशिवाय तो स्टेशनवरून गोदीला, गोदीवरून बोटीला अगदी वेळेवर पोचला होता. वाट त्याने म्हणे एका हमालाला विचारली.

"भावोजी! तुम्ही? आणि हे काय, पुन्हा तेच गाठोडं? नको मला ते तांदूळ!"

"घे मुकाट्याने!"

"नाही म्हणजे नाही! इथे साहेब लोक बघताहेत!"

बोटीचा भोंगा वाजला. शिडी उचलायला लागले. मला सुमतीची रिकामी मनगटं दिसायला लागली. तेव्हा सगळा सिद्धान्त त्या खाऱ्या पाण्यात सोडून मी बोंब मारली, "अरे गाढवा, त्यात गिन्या आहेत!"

"गिन्या तर माझ्या कमरेला आहेत!"

"ते तांब्याचे पैसे आहेत!"

अख्खं बंदर ऐकत होतं. खलाशी, हमाल, होडीवाले, सगळे! परशुरामचा चेहरा पांढराफटक पडला. वरून कोणीतरी दोर सोडला. काळुरामने त्याला गाठोडं बांधलं. अर्ध्या वाटेत गाठ सैल झाली आणि चार मुठी तांदूळ माझ्या डोक्यावर पडले. पण लाल फडकं आत अडकून राहिलं आणि परशुरामने ते झडप घालून धरलं.

"मिळाल्या, भावोजी! ताईला सांगा!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. "आणि हा तुमचा कोट!"

त्याने कोट फेकला. तो पाण्यात पडला. काळुरामने आकड्याने कोट काढला, पण खिशातली पैशांची पिशवी तळाला गेली ती गेलीच.

"आत सोना व्हता?" काळुराम थक्क होऊन म्हणाला. "आदी सांगाचा ना मालक! ठाण्यालाच तुमच्या हातात दिला असता. सोन्याचा काय प्रस्थान असतो?"

परदेशी पैसे कसे न्यावेत, हे लोकांना सांगणाऱ्या माणसाकडे ठाण्याच्या तिकिटापुरतेही पैसे नव्हते! मीठ उतरवून गलबत परत फिरेपर्यंत दोन रात्री मी त्याच्यावरच काढल्या.

रविवारी घरी आलो. दारात सुमती उभी. तिचे डोळे रडून सुजले होते. सखुबाईने शुक्रवारीच नाक्यावर सांगून टाकलं होतं की गोपीनाथराव जहाजात बसून गेले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या ठाण्याने मला जंजिबारला पोचवलं होतं!

मी अंगणात उभ्या उभ्या सगळं खरं सांगितलं. तांदूळ, पट्टा, शेवंती, काळुराम, काही लपवलं नाही.

"पोचल्या ना त्याच्या हातात?" तिने एवढंच विचारलं.

"पोचल्या."

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी उंबरठ्याकडे पाऊल टाकलं, तशी आतून विठ्ठलभटांची आरोळी आली.

"तिथेच थांबा! समुद्रावर गेला होतात ना?"

"मुंबईपर्यंत!"

"पाणी खारट होतं ना? किती रात्री?"

"दोन..."

"खाल्लंत काय?"

मी बोंबलाचं सांगायला नको होतं. समुद्रप्रवासाचं आणि मासळीचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी ताबडतोब न्हाव्याला बोलावणं पाठवलं. मला पंचगव्य पाजलं, डोकं तासलं आणि मिशीही उतरवली. महिनाभर कचेरीत मी तोंडावर उपरणं धरून बसत होतो!

तीन वर्षांनी परशुराम परतला. येताना त्याने सुमतीला पहिल्यापेक्षा जाड पाटल्या आणल्या. घरात आनंदीआनंद! परशुरामला अंगणात थांबवून विठ्ठलभटांनी पंचांग काढलं. मी मनात म्हटलं, आता बघ बेट्या, तुझीही मिशी जाते!

विठ्ठलभटांनी त्याच्या अंगावर चार थेंब पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "ये बाळ, आत ये. या घराचं प्रायश्चित्त मागेच होऊन गेलंय."