दोनशे पंचवीसचं टायर

टायरमधलं मला कळतं. ही बढाई नव्हे! आमच्या ऑफिसात कुणालाही गाडीला टायर घ्यायचे असले की लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतात. पण आधी येतात माझ्याकडेच.

त्यामुळे बायकोच्या शर्यतीच्या चाकांना नवे टायर घ्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "तू फक्त गाडी चालव. टायर किती रुंद घ्यायचं ते माझ्यावर सोड!"

बायको ऑटोक्रॉस खेळते. म्हणजे मोठ्या मोकळ्या मैदानावर नारिंगी शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून नागमोडी वळणं घेत एकेका गाडीनं घड्याळाशी शर्यत लावायची. शंकू पाडला की दंड. एरवी ती शाळेत गणित शिकवते आणि कधी आवाज चढवत नाही. पण एकदा डोक्यावर हेल्मेट चढलं की तिच्या शेजारी बसायची माझी छाती होत नाही. गेली तीन वर्षं ती क्लबात दुसरी येत होती. पहिली यायची ती पोपटी गाडीतली दातांची डॉक्टर. यंदा शेवटच्या शर्यतीआधी दोघींचे गुण अगदी सारखे होते. रविवारी जी पुढे, कप तिचा! बायको यावर फार बोलायची नाही, पण तिनं कपाटावरची एक जागा पुसून मोकळी ठेवलेली मी पाहिली होती.

माझं गणित सरळ होतं. टायर रुंद म्हणजे जमिनीला जास्त रबर, आणि जास्त रबर म्हणजे जास्त पकड. आमच्या रिम सहा इंच रुंद. त्यांच्यावर एकशे पंच्याण्णव मिलिमीटर रुंदीचं टायर बसवतात. मी ठरवलं, दोनशे पंचवीस!

"बसेल ना?" मी दुकानदाराला विचारलं.

"साहेब, दाबून काहीही बसतं," तो म्हणाला.

मी हा होकार समजलो. टायर बसलं, पण रिमच्या दोन्ही बाजूंनी ते असं फुगून बाहेर आलं की भरपेट जेवून पट्टा सैल न केलेला माणूसच! मला ते रुबाबदार वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी इमारतीखाली जॅक लावून मी चाकं चढवली. पुढचं चाक हवेत असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. कुठंही घासत नव्हतं. टायर आणि आतलं प्लास्टिक यांच्यामधून माझी चार बोटं आरामात जात होती. मी लगेच वर बायकोला फोन लावला.

"चार बोटं!"

"अरे देवा! लागली का?"

"जागा आहे चार बोटं! मोजूनमापून काम केलंय!"

जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. जॅकवर चढलेल्या गाडीचं चाक खाली लोंबतं, तेव्हा जागा कुणाच्याही गाडीत असते. गाडी जमिनीवर आली, आत माणसं बसली, की चाक वर दबतं आणि चार बोटांची जागा गायब होते. मला हे कळलं शनिवारी दुपारी, भर रस्त्यात, मागच्या सीटवर सासू-सासरे बसलेले असताना.

आम्ही जेवायला निघालो होतो. बायको दुसऱ्या दिवसाचा मार्ग पायी फिरून पाहायला मैदानावर गेली होती आणि तिथून मैत्रिणीबरोबर परस्पर हॉटेलात येणार होती. पहिलं डावं वळण आलं, मी स्टिअरिंग फिरवलं आणि खालून आवाज आला... घर्र्रर्र!

"हे काय?" सासूबाई दचकल्या.

"नवीन टायर आहेत ना," मी म्हटलं. "सुरुवातीला बोलतात."

दुसऱ्या डाव्या वळणाला टायर आणखी मोठ्यानं बोललं, वर जळक्या प्लास्टिकचा वासही आला. उजव्या वळणाला मात्र सगळं सुरळीत! का, ते विचारू नका. डावीकडे वळताना गाडीचा सगळा भार उजव्या चाकावर येतो एवढं मला माहीत आहे. उलट्या बाजूच्या प्लास्टिकला थोडी जास्त माणुसकी असावी. काही का असेना, मला मार्ग सापडला. डावीकडे वळायचंच कशाला? तीन वेळा उजवीकडे वळलं की आपण डावीकडेच जातो!

मागे सासरे नसते तर ही युक्ती खपून गेली असती. पण सासऱ्यांनी आयुष्यभर जमिनीची मोजणी केली आहे. निवृत्त झाले तरी त्यांच्या डोक्यातला नकाशा सुरूच असतो.

"जावईबापू, हे औषधाचं दुकान मघाशी गेलं."

"ते दुसरं होतं, बाबा."

"पायरीवर कुत्रा तोच होता."

"हल्ली कुत्री सारखीच दिसतात."

मी पुन्हा उजवीकडे वळलो. थोड्या वेळानं तेच दुकान तिसऱ्यांदा आलं. या वेळी कुत्र्यानं उभं राहून शेपूट हलवली. मागच्या सीटवर कुजबुज झाली. सासूबाईंनी सासऱ्यांचा दंड घट्ट धरलेला मला आरशात दिसला.

"जावईबापू," सासरे एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आज वार कोणता?"

"शनिवार."

"वा, शाब्बास! आणि तुमच्या लग्नाची तारीख?"

मी सांगितली. ती चुकली. ती मला कधीच येत नव्हती, पण आता तो पुरावा झाला.

हॉटेलात पोचताच दोघांनी लेकीला बाजूला नेलं. मी मेनू वाचत बसलो. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. माझ्याशेजारी बसून तिनं माझा हात हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

"दमलास का रे?" तिनं विचारलं. "काय खावंसं वाटतंय?"

मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं, कबूल! पण मेनूतलं सगळ्यात महागडं काही मागवलं तरी कुणी हूं की चूं करेना. आईस्क्रीम दुसऱ्यांदा मागवलं, तेही आलं. सासूबाईंनी स्वतःच्या कपातलं निम्मं माझ्या कपात घातलं. मी म्हटलं, जेवण शांतपणे होऊन जाऊ दे, टायरचं नंतर बघू.

तेवढ्यात बायकोनं फोन कानाला लावला.

"हॅलो, मी बोलतेय. उद्याच्या शर्यतीतून माझं नाव काढा."

माझा चमचा हवेतच राहिला.

"नाही, गाडी ठीक आहे," ती सांगत होती. "घरी अडचण आहे. ह्याला डॉक्टरकडे न्यायचंय, उद्या सकाळचीच वेळ मिळतेय. त्या दातांच्या डॉक्टरांना जिंकू दे कप. मला चालेल."

तीन वर्षं! आणि माझ्या न बिघडलेल्या डोक्यासाठी ती हे सगळं एका वाक्यात सोडून देत होती. मी आईस्क्रीम बाजूला सारलं.

"टायर घासतंय!" मी ओरडलो.

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले.

"काय घासतंय?" बायकोनं विचारलं.

"टायर! डावीकडे! म्हणून मी उजवीकडे! जॅकवर चार बोटं होती!"

"बोलणं तुटक व्हायला लागलं," सासरे हळूच म्हणाले.

"दोनशे पंचवीस!"

"अगं बाई, आता आकडे बडबडतायत!" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शेवटी मी बायकोचा हात धरून तिला ओढतच पार्किंगमध्ये नेलं. मागून सासू-सासरे आले, त्यांच्यामागून बिल घेऊन वेटर आला. बायको गुडघ्यांवर बसली आणि मोबाइलचा उजेड उजव्या चाकाच्या आत टाकला. प्लास्टिक सोलून निघालं होतं. तिनं त्या फुगलेल्या टायरवर हात फिरवला आणि बाजूवरचा आकडा वाचला.

"सहा इंची रिमवर दोनशे पंचवीस?"

"पकड..."

"आणि मोजलंस कधी? गाडी जॅकवर असताना?"

"हो."

"म्हणजे विसरायला बिसरायला काही होत नाहीये तुला?"

"काही नाही. ठणठणीत आहे मी."

ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. "मला वाटलं, तू मला विसरणार," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मग तिनं डोळे पुसले, माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि फोन काढला. "हॅलो, पुन्हा मीच. नाव काढलं नसेल तर राहू द्या. घरची अडचण तशी जुनीच आहे."

परतताना गाडी तिनं चालवली. घर जवळ करायचं म्हणून ती सरळ डावीकडे वळत होती, आणि दर घर्र्रर्रला एकदा माझ्याकडे बघत होती.

घरी रोजची चाकं बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली होती. त्यांच्यावर साधे, एकशे पंच्याण्णवचे, अर्धे झिजलेले टायर! तीच आम्ही चढवली. या वेळी गाडी खाली उतरवून, मागे सासू-सासऱ्यांना बसवून, बायकोनं स्वतः बोटं घालून पाहिलं. दोनच गेली, पण चाक डावीकडे वळवूनही गेली.

रविवारी सकाळी चांगलाच गारवा होता. पोपटी गाडीलाही नवे, भलतेच रुंद टायर दिसले. डॉक्टरबाईंच्या घरीही टायरमधलं कळणारं कुणीतरी असावं. असले टायर तापल्याशिवाय पकड धरत नाहीत, आणि ते तापायच्या आतच फेरी संपायची, त्यामुळे गाडी प्रत्येक वळणाला घसरली आणि दोन शंकू आडवे झाले. आमची जुनी चाकं मात्र आज्ञाधारकपणे वळत राहिली. शेवटच्या डाव्या वळणाला बायको शंकूच्या इतक्या जवळून गेली की सासऱ्यांनी डोळे मिटले. शंकू हलला, डोलला आणि उभाच राहिला!

कप तिचा झाला. तीन वर्षांनी! मी इतका ओरडलो की माझा घसा बसला.

मग क्लबातली माणसं आमच्या गाडीभोवती जमली. कुणी वाकून चाकं बघत होतं, कुणी टायरवरचा आकडा टिपून घेत होतं.

"इतके साधे टायर!" एकानं बायकोला विचारलं. "निवड कुणाची?"

"टायर माझा नवराच निवडतो," बायको म्हणाली.

सगळ्यांनी आदरानं माझ्याकडे पाहिलं. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"त्यानं निवडलेले काढून ठेवले," ती म्हणाली, "की आम्ही जिंकतो."

फोटो काढणारा तयारच होता, म्हणून मी हसत राहिलो.