नर आवाजावरून ओळखावा

गॅलरीत टांगलेल्या कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटं बांधलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद विज्ञानाच्या सरांना झाला. सहावीच्या पुस्तकात पक्ष्यांचा धडा पुढ्यातच होता. त्या धड्यात अंड्याचं एक काळपट चित्र होतं, आणि मुलांना ते दरवर्षी बटाट्यासारखं वाटायचं. यंदा बटाट्यावर भागवायची गरज नव्हती. खरं अंडं, खरं पिल्लू, आणि तेही सगळ्या वर्गाला घरबसल्या दिसणार होतं!

त्याची सोय मेहुण्याने केली. मेहुणा बोटीवर इंजिनिअर होता. मागे एकदा त्याने बहिणीच्या घराचं चोरांपासून रक्षण व्हावं म्हणून एक छोटा कॅमेरा आणला होता. चोराने उचलावं असं घरात त्या कॅमेऱ्याखेरीज दुसरं काही नसल्यामुळे तो खोक्यातच पडून होता. बोटीवर परत जायच्या आधी मेहुण्याने तो कुंडीच्या वरच्या कडीला बांधला, स्वतःच्याच खात्यावरून इंटरनेटवर थेट प्रक्षेपण सुरू करून दिलं आणि सरांच्या हातात लिंक ठेवली.

"आता जगात कुणीही कुठूनही बघू शकेल," तो म्हणाला आणि समुद्रावर निघून गेला.

सरांनी वर्गाला लिंक दिली. मुख्याध्यापिकाबाईंना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी ती शाळेच्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर टाकली आणि ओळखीच्या चार शाळांनाही कळवली. सरांनी घरी जाहीर केलं, "पिल्लं उडेपर्यंत कुंडीजवळ कुणीही जायचं नाही. झाडाला पाणीसुद्धा लांबून घालायचं."

"लांबून म्हणजे? बंबाने?" बायकोने विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, त्यामुळे समोरच्याला नीट दिसत नसेल तर ते तिच्या चटकन लक्षात यायचं.

अंडी फुटली, तीन पिल्लं बाहेर आली. सरांनी वर्गात मोठ्या उत्साहाने विचारलं, "हं, सांगा बघू, काय काय निरीक्षण केलंत?"

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उठली. "सर, मादी जास्त काम करते."

"छान! पण एक सांग, बुलबुलात नर आणि मादी दिसायला अगदी सारखे असतात. तू ओळखलंस कसं?"

"आवाजावरून, सर. नराचा आवाज जरा घोगरा आहे."

सर चकित झाले. इतकं बारीक निरीक्षण त्यांनी स्वतःही केलं नव्हतं. "शाब्बास! आणखी?"

"सर, मादी चिडली की नर गॅलरीत येऊन उभा राहतो," मागून एक जण म्हणाला.

"गॅलरीत... हो, घरटं गॅलरीतच आहे म्हणा. बरं, नर बाहेरून काही आणतो का?"

"आणतो सर, पण चुकीचं आणतो."

"चुकीचं म्हणजे?"

"पांढरा बल्ब सांगितला होता, पिवळा आणला."

वर्गात खसखस पिकली. कालच संध्याकाळी बैठकीच्या खोलीतला बल्ब सरांनी पिवळा आणला होता, आणि त्यावर बरीच सखोल चर्चा झाली होती.

"तुम्हाला... आवाजपण येतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मस्त येतो सर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

पुढचे तास सरांनी कसे घेतले, ते त्यांनाच आठवत नाही. शाळा सुटताच त्यांनी जिन्यात उभं राहून मोबाईलवर स्वतःचीच गॅलरी उघडली. घरट्यात तीन उघड्या चोची दिसत होत्या आणि त्यावर सरांच्या आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. गॅलरीतल्या खुर्चीत बसून बहिणीशी फोनवर बोलायचा आईचा रोजचा नेम होता.

"अगं, शिकवतोय कसला! स्वतः सहावीत विज्ञानातच आपटला होता. कोंबडीला किती पाय, तर म्हणे चार. हो ना! आता तोच सांगतो पोरांना, निरीक्षण करा म्हणून."

खालच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता. या क्षणी हे सगळं एकशे बारा जण ऐकत होते.

सर घरी पोचले, तेव्हा बायको नुकतीच आली होती आणि पर्स सोफ्यावर आपटत होती. "आज एक बाई डोळे तपासायला आल्या. अक्षरं वाचून दाखवायच्या ऐवजी मलाच विचारतात, 'मॅडम, तो बल्ब बदलून मिळाला का हो?' हा काय प्रकार आहे?"

सरांनी तोंडावर बोट ठेवलं, तिला हाताला धरून न्हाणीघरात नेलं, नळ सोडला आणि मग सगळं सांगितलं.

"म्हणजे मी त्या दिवशी तुझ्या घोरण्याबद्दल बोलले, ते?"

"तेही."

"आणि तू मुख्याध्यापिकाबाईंची नक्कल केलीस, ती?"

सरांनी नळ आणखी मोठा केला. तो प्रसंग ते विसरले होते. बाई रविवारी सगळ्यांना शाळेत बोलावताना ज्या सुरात 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणतात, तो सूर सरांना हुबेहूब जमायचा. घरचे पोट धरून हसायचे. आणि तो कार्यक्रम गॅलरीतच व्हायचा, कारण तिथे जरा आवाज घुमायचा.

"मग आवाज बंद कर ना!"

"खातं तुझ्या भावाचं. पासवर्ड त्याला माहीत. तो समुद्रात. किनारा लागेपर्यंत फोन लागत नाही."

"वायर काढून टाक."

"चित्रही जाईल. पाच शाळा बघतायत." सरांनी नळ थोडा कमी केला. मग म्हणाले, "आणि धाकट्याने आजच डोळे उघडलेत."

धाकट्याचं नाव निघताच बायकोही विरघळली. कामाच्या मधल्या वेळात तीही दुकानातून चोरून बघायची. शेवटी असं ठरलं, की पिल्लं उडेपर्यंत घरात सगळ्यांनी जपून बोलायचं.

ते जपून बोलणं ऐकण्यासारखं होतं. रोज सकाळी "अरे ऊठ, उशीर होतोय, घोडा झालायस!" अशी सुरू होणारी बायकोची गाडी आता "आपण उठलात का?" अशी सुरू व्हायला लागली. टॉवेल ओला पलंगावर टाकला, तर बायको गोड आवाजात म्हणायची, "आपला टॉवेल आपली वाट पाहतो आहे," आणि डोळ्यांनी जे म्हणायचं ते म्हणायची. सरही कमी नव्हते. "चहात साखर विसरलीस" हे त्यांनी "आजचा चहा आरोग्याच्या दृष्टीने उत्तम आहे" असं सांगितलं. दोन दिवसांत घर एखाद्या बक्षीस समारंभासारखं वाटायला लागलं. दोघांनाही भांडायची इतकी हुक्की यायची, की ते रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन अर्धा तास मनसोक्त भांडून यायचे आणि येताना हातात हात घालून यायचे.

आईला मात्र हे नाटक जमेना. "माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी काय म्हणून बोलू?" म्हणून तिने गॅलरीच सोडली. हॉस्टेलवर राहणाऱ्या नातीच्या जुन्या टॅबलेटवर ती घरटं बघायची, कानात इअरफोन घालून, गॅलरीच्या दाराकडे पाठ करून. पाच पावलांवर खरं घरटं होतं, पण तिला टॅबलेटवरचंच जास्त आवडायचं. "इथं कसं मोठ्ठं दिसतं," ती म्हणायची.

आणि मग एके दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावलं.

बाईंच्या टेबलावर टॅबलेट उभा होता आणि त्यावर घरटं सुरू होतं. सरांनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली. "बाई, मी माफी मागायलाच येणार होतो. त्या दिवशी गॅलरीत मी जो आवाज काढला..."

"कुठल्या दिवशी? बऱ्याचदा काढलात." बाईंनी चष्मा काढून पुसला. "पहिल्यांदा चांगला जमला होता. नंतर घाई केलीत. 'कुटुंब'वर मी थांबते, सर. तुम्ही थांबत नाही."

"बाई, मला वाटलं होतं..."

"आमच्याकडे घरच्या टीव्हीवर लावतो आम्ही. आमचे हे गेली तीस वर्षं जेवताना एक शब्द बोलत नव्हते. आता म्हणतात, 'लाव गं बुलबुल, बघू आज काय झालं.' परवा तर त्यांनी तुमची नक्कल..." बाई एकदम थांबल्या. त्यांची नजर टॅबलेटवर खिळली. "मांजर!"

गॅलरीच्या कठड्यावर एक गलेलठ्ठ पिवळी मांजर चढली होती. बुलबुलाची जोडी तिच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. मांजरीने मागच्या पायांवर उभं राहून कुंडीकडे पंजा लांबवला. कुंडी हलली. तिन्ही पिल्लं एका बाजूला गोळा झाली.

"फोन लावा घरी!" बाई ओरडल्या.

सरांनी लावला. लागेना. पुन्हा लावला. आईचा फोन व्यस्त होता. सरांनी वर्गाला काही अडचण आली तर विचारायला घरचा म्हणून आईचाच नंबर दिला होता, आणि बहुतेक सगळ्या पालकांनी आत्ताच एकदम अडचण सांगायचं ठरवलं होतं. व्हरांड्यातून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. बाई टेबलावर हात आपटून "हुश! हुश!" करत होत्या.

तेवढ्यात टॅबलेटमधून आईचा आवाज आला. दार उघडं होतं, त्यामुळे आतला आवाज लांबून पण खणखणीत येत होता.

"अगंबाई, मांजर! अरे हाकला रे तिला कुणीतरी! आली कशी ही? या घरातली माणसं गेली तरी कुठे? पिल्लं टाकून खुशाल भटकतायत मेले!"

"आई!" सर टॅबलेटला तोंड लावून ओरडले. "आई, ते आपलंच घर आहे! ऊठ!"

"त्यांना ऐकू जाणार नाही, सर," बाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःच ओरडल्या, "आजी, मागे बघा! मागे!"

मांजरीचा पंजा कुंडीच्या कडेला लागला. आई आतून कळवळून सांगत होती, "काय निर्दय लोक आहेत! मी असते तर चपलेने..." आणि मग एकदम शांतता झाली. त्यानंतर अगदी हळू आवाज आला, "अय्या, ही तर आपलीच कुंडी."

पुढच्या क्षणी पडद्यावरून एक चप्पल सूं करून गेली. ती मांजरीला लागली नाही, पण मांजर कठड्यावरून शेजारच्या छपरावर उडाली आणि तिथून दिसेनाशी झाली. चपलेपाठोपाठ पदर खोचलेली आई गॅलरीत आली, तिने कुंडीकडे एकवार बघितलं, आणि ती घाईघाईने पुन्हा आत पळाली.

"आता कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं.

ते संध्याकाळी कळलं. टॅबलेटवर चित्र जरा उशिरा पोचतं, हे आईच्या लक्षात आलं होतं. आपली चप्पल लागली की नाही, ते मोठ्ठं बघायला ती आत पळाली होती. "बघितलं मी," ती अभिमानाने सांगत होती. "नेम थोडक्यात हुकला. पण मी दिसते बाई छान टीव्हीत."

केबिनमध्ये त्या वेळी बाई खुर्चीत मागे रेलल्या होत्या. शाळाभर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. सरांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ते फोन बघितल्यासारखं करत होते.

"तुम्हाला कशाला बोलावलं होतं, तेच विसरले," बाई म्हणाल्या. "जाऊ द्या. चहा घेणार?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिल्लं एकेक करून उडाली. धाकटं सगळ्यांत शेवटी गेलं. कठड्यावर बसून ते बराच वेळ विचार करत राहिलं, आणि वर्गात कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. सरांनी कॅमेरा सोडवून खोक्यात ठेवला. घरात पुन्हा मोकळेपणाने बोलणं सुरू झालं.

वर्गात पुढचा धडा पचनसंस्थेचा होता. सरांनी एक उत्तम चित्रफीत शोधून आणली होती. रंगीत जठर, फिरणारं आतडं, आणि निवेदकाचा आवाज तर असा, की मधात बुडवून काढलेला. "अन्ननलिकेच्या लयबद्ध आकुंचन-प्रसरणामुळे अन्न पुढे ढकलले जाते," तो सांगत होता. मागच्या बाकावर दोघं पेंगत होते.

चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. "सर, चित्र छान आहे. पण याचा आवाज बंद करा ना."

"मग समजणार कसं?"

"तुम्ही बोला, सर. घरी बोलता तसं."

सरांनी वर्गाकडे बघितलं. पेंगणारे दोघेही जागे झाले होते. सरांनी निवेदकाचा आवाज बंद केला, खुर्ची ओढून पोरांच्या जवळ आणली आणि घसा खाकरला.

"बरं, बघा. हा पावाचा घास निघाला. आता सकाळी काय झालं, मी हाच घास न चावता गिळला, आणि त्यावरून आमच्याकडे जे काही वाजलं..."

सगळा वर्ग बाकांसकट पुढे सरकला.